घटकेत हसू, घटकेत भडका: मनःस्थिती सतत पालटणाऱ्या मुलाला सांभाळताना

ज्या घरात मुलाचा पारा केव्हा चढेल याचा नेम नसतो, त्या घरातली माणसे हळूहळू दबक्या पावलांनी वावरू लागतात. सकाळी उठल्याबरोबर आधी त्याचा चेहरा पाहायचा, आजचा दिवस कसा जाणार याचा अंदाज घ्यायचा आणि मग काय बोलायचे, काय टाळायचे हे ठरवायचे, असा तो दिनक्रम असतो. माझा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून अकरा वर्षांचा होईपर्यंत आमच्या घराने हे अनुभवले. त्या काळात मी सर्वांत जास्त ऐकलेला आणि स्वतःही सर्वांत जास्त वापरलेला शब्द होता ‘अचानक’. अचानक चिडतो, अचानक रडतो, अचानक वस्तू फेकतो. आज मला वाटते की बहुतेक भडके अचानक नसतात, ते आपल्याला उशिरा दिसतात. आणि पालकाच्या कष्टांचा मोठा वाटा भडका उडाल्यानंतर जितका उपयोगी पडतो, त्याच्या कितीतरी पट तो आधीच्या दोन-तीन तासांत उपयोगी पडतो.

‘अचानक’ हा शब्द तपासून पाहा

पहिले दोन-तीन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक भडक्याबद्दल पाच गोष्टी टिपून ठेवा: किती वाजले होते, लगेच आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर आपण आणि घरातल्या इतरांनी काय केले, आणि सगळे शांत व्हायला किती मिनिटे लागली. ‘खूप त्रास दिला’ असे लिहू नका, कारण त्या वाक्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. ‘वही फाडली, बहिणीला ढकलले, वीस मिनिटे पलंगाखाली बसून राहिला’ असे लिहा. समोरच्या पानावर रोजची झोप, जेवणाच्या वेळा, पोट साफ झाले की नाही, मोबाईल-टीव्हीसमोर गेलेला वेळ, चालू असलेली औषधे आणि शाळेत काही विशेष घडले असल्यास ते, यांची एकेक ओळ असू द्या. नोंद त्याच दिवशी करावी. दोन दिवसांनी आपल्याला आपला राग तेवढा आठवतो, घटनांचा क्रम आठवत नाही.

आमच्या वहीतली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते. मुलगा बूट घालायला बसला, एक मोजा चढवला, काढला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा चढवला. मी दारात उभी राहून ‘चल, उशीर होतोय’ असे तिसऱ्यांदा म्हटले आणि पुढच्याच क्षणी बूट दारावर आदळला. मग दप्तर, मग स्वतःचे डोके. मी वहीत लिहिले, ‘बूट घालताना अचानक चिडला.’ संध्याकाळी तो शांत असताना मी तोच मोजा घेऊन त्याच्याजवळ बसले, तेव्हा त्याने करंगळीपाशी येणारी जाड शिवण मला बोट लावून दाखवली. मागची पाने चाळली तर आदल्या रात्री तो साडेअकराला झोपला होता, आणि तोवर नोंदवलेल्या सकाळच्या सहा भडक्यांपैकी चार भडके अशाच जागरणानंतरचे होते. शिवण, अपुरी झोप आणि दर हाकेला चढत गेलेला माझा आवाज, एवढ्या तीन गोष्टी त्या एका ‘अचानक’च्या पोटात होत्या, आणि तिन्हींवर मला काही ना काही करता येण्यासारखे होते. आम्ही मोजे उलटे करून घालायला सुरुवात केली, बूट रात्रीच दाराशी मांडून ठेवू लागलो, आणि मी दारात उभे राहण्याऐवजी त्याच्याशेजारी खाली बसू लागले. भडके थांबले नाहीत. सकाळचे मात्र महिन्याभरात निम्म्यावर आले.

अशा वह्यांमध्ये काही जागा पुन्हा पुन्हा दिसतात. भूक, जागरण, गोंगाट, अंगाला खुपणारे कपडे, ठरलेला बेत ऐनवेळी बदलणे, लिहिण्याचे काम, हरण्याचा प्रसंग, आणि सर्वांत जास्त म्हणजे एक काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळण्याची वेळ. हातातला खेळ किंवा मोबाईल ठेवून उठणे हे आपल्याला क्षुल्लक वाटते, पण ज्या मुलाच्या मनाला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायला वेळ लागतो त्याच्यासाठी तो दिवसातला सर्वांत अवघड क्षण असतो. झोपेच्या बाबतीत अंदाजावर राहू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार चोवीस तासांत ३ ते ५ वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. आमच्या वहीतली सरासरी पाहून मला स्वतःचीच लाज वाटली होती.

आणखी एक प्रकार पालकांच्या जिव्हारी लागतो. शिक्षक म्हणतात, ‘आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखा वागतो’, आणि घरात पाऊल टाकल्यापासून आदळआपट सुरू होते. यावरून ‘तो आपल्याला ओळखून आहे, मुद्दाम करतो’ असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा खरी गोष्ट अशी असते की त्याने दिवसभर स्वतःला कसेबसे आवरून धरलेले असते आणि जिथे आपल्याला कोणी टाकून देणार नाही अशी खात्री आहे तिथे येऊन तो बांध फुटतो. अशा मुलाला घरी आल्यावर पहिला अर्धा तास प्रश्न विचारू नका. काहीतरी खायला द्या, पाणी द्या आणि एकटे बसायचे असेल तर बसू द्या. ‘आज शाळेत काय झालं?’ हा प्रश्न तासाभराने विचारला तरी चालतो.

शरीराची तपासणी टाळू नका

वागणूक बिघडली की आपण शिस्तीचा विचार करतो आणि शरीर विसरतो. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना वही बरोबर न्या आणि या गोष्टी स्पष्टपणे सांगा: मूल घोरते का, झोपेत तोंडाने श्वास घेते का, रात्री वारंवार जागे होते का, कारण वाढलेल्या टॉन्सिलमुळे किंवा नाकामागच्या गाठींमुळे झोप तुटत असेल तर ते मूल दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिडे आणि चंचल दिसू शकते. लोहाची कमतरता, थायरॉईडचे विकार, जुनाट बद्धकोष्ठता, कान किंवा दात दुखणे, कमी ऐकू येणे, या सगळ्यांचा पहिला पुरावा कधी कधी चिडचिड हाच असतो. मूल मधेच काही सेकंद शून्यात पाहत राहत असेल आणि त्या वेळी हाकेला ओ देत नसेल, तर तेही सांगा, कारण तो फिटचा एक प्रकार असू शकतो.

औषधांकडेही पाहावे. दमा आणि ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्ट या औषधामुळे मनःस्थितीत आणि वागणुकीत गंभीर बदल होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला. फिटवरचे लेव्हेटिरासिटाम आणि तोंडाने घेण्याची स्टिरॉइड औषधेही काही मुलांना चिडचिडी करतात. यांपैकी काही चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, विशेषतः फिटचे औषध एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. औषध कधी सुरू झाले आणि भडके कधी वाढले या दोन तारखा डॉक्टरांपुढे ठेवा.

येत नाही की करत नाही?

ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला आपण वाचायला शिकवतो. ज्याला थांबता येत नाही, नकार पचवता येत नाही, मनातली खदखद शब्दांत मांडता येत नाही किंवा ठरलेले बदलले की स्वतःला सावरता येत नाही, त्याला मात्र आपण शिक्षा करतो. ही कौशल्ये मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित आहेत आणि तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. सगळ्या मुलांमध्ये ती एकाच वेगाने येत नाहीत. म्हणून वहीतल्या प्रत्येक ठळक प्रसंगासमोर एक प्रश्न लिहा: या क्षणी त्याला नेमके काय जमले नाही? उत्तर ‘आज्ञा पाळणे’ असे येत असेल तर थोडे आणखी खोलात जा.

त्यानंतरचे बोलणे भडक्याच्या वेळी होत नाही, ते शांत वेळी करायचे असते, आणि शक्यतो समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून नव्हे तर शेजारी बसून, चालताना किंवा हाताने काही काम चालू असताना. आमच्याकडे टॅब बंद करण्यावरून रोज रणकंदन होई. एका दुपारी चित्र रंगवता रंगवता मी म्हटले, “टॅब ठेवायची वेळ झाली की तुला फार त्रास होतो, हे मला दिसतं. काय होतं रे तेव्हा?” तो आधी काहीच बोलला नाही. मी दुसरा खडू उचलला आणि रंगवत राहिले. दोनेक मिनिटांनी तो म्हणाला, “तू एकदम बंद कर म्हणतेस. माझा डाव अर्धा असतो. मग सगळं जातं.” मी म्हटले, “म्हणजे डाव मधेच तुटतो म्हणून राग येतो. आणि मला काळजी वाटते ती झोपेची. उशीर झाला की सकाळी तुझेच हाल होतात. दोन्ही जमेल असं काय करता येईल?” त्यानेच सुचवले की नवा डाव सुरू करण्याआधी मी घड्याळ दाखवावे, आणि दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर त्याने नवा डाव मांडू नये. पहिल्या आठवड्यात हा करार तीनदा मोडला. आम्ही पुन्हा बसलो आणि तोंडी सांगण्याऐवजी वाळूचे घड्याळ ठेवायचे ठरले. माझ्या मते या संभाषणातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मधली दोन मिनिटांची शांतता. ती मी आधी कधीच राहू दिली नव्हती.

लहान मुलांना असे बोलता येत नसेल तर चित्रे वापरा: दिवसाचा क्रम दाखवणाऱ्या चार-पाच चित्रांची पट्टी, किंवा रागाची पायरी दाखवायला एक ते पाच आकड्यांची शिडी. ‘तू आत्ता तीनवर आहेस का?’ हा प्रश्न ‘काय झालंय तुला?’ या प्रश्नापेक्षा कितीतरी सोपा असतो.

भडका उडालेला असताना

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या थयथयाटांचा बारकाईने अभ्यास करून २००३ मध्ये जे मांडले ते मोठ्या मुलांच्या पालकांनीही लक्षात ठेवावे असे आहे. त्या वयोगटातले सुमारे तीन चतुर्थांश थयथयाट पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपतात. त्यात राग आणि दुःख असे दोन प्रवाह असतात. राग सुरुवातीलाच शिगेला पोहोचतो आणि मग ओसरतो, तर रडणे आणि जवळ घ्यावेसे वाटणे शेवटाकडे ठळक होत जाते. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: रागाच्या शिखरावर समजावू नये, कारण तेव्हा उच्चारलेला प्रत्येक शब्द त्या आगीत पडतो, आणि आवाज फुटून रडणे सुरू झाले की दूर राहू नये.

त्या पहिल्या टप्प्यात आपले काम एवढेच की कोणाला इजा होऊ नये. धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत पाठवा, फुटणाऱ्या वस्तू बाजूला करा, आणि मुलापासून दोन हातांच्या अंतरावर, शक्य असल्यास खाली, किंचित तिरपे बसा. उंचावरून वाकून बोललेले त्याला हल्ल्यासारखे वाटते. तुमची वाक्ये चार-पाच शब्दांची असावीत: ‘मी इथेच आहे.’ ‘मारू देणार नाही.’ ‘तुझं झालं की बोलू.’ ‘का केलंस?’ हा प्रश्न त्या वेळी निरर्थक आहे, त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते. धमक्या, मोजणी, ‘शेवटचं सांगते’, आणि विशेषतः त्याच्या वागण्याची नक्कल, हे सर्व टाळा. तो पळत रस्त्याकडे निघाला किंवा स्वतःला दुखवू लागला तर अडवावेच लागते, पण जमिनीवर दाबून धरणे, छातीवर किंवा पाठीवर वजन टाकणे यात श्वास कोंडण्याचा धोका असतो. तसे कधीही करू नये.

वादळ ओसरल्यावर पाणी द्या, थोडा वेळ जाऊ द्या. मुलाला त्या वेळी थकवा आणि शरम दोन्ही असतात, जरी ते तोंडाने कबूल करत नसले तरी. फेकलेल्या वस्तू एकत्र उचला. त्याने एक उचलावी, तुम्ही एक. बहिणीला लागले असेल तर तिच्यासाठी काहीतरी करायला सांगा: पाणी आणून देणे, तुटलेला खेळ चिकटवायला मदत करणे. तोंडदेखल्या ‘सॉरी’पेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. प्रवचन दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा, आणि तेही तीन वाक्यांत संपवा.

नियम थोडे, पण टिकणारे

येथे मला एक गैरसमज दूर करावासा वाटतो. समजून घेणे म्हणजे आरडाओरड केल्यावर हवे ते देणे नव्हे. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे कुटुंबांचे निरीक्षण करून एक दुष्टचक्र दाखवून दिले: पालक काही सांगतात, मूल चिडते, पालक आवाज चढवतात, मूल आणखी चिडते, शेवटी पालक थकून माघार घेतात आणि मूल शांत होते. त्या क्षणी दोघांनाही सुटका मिळते आणि म्हणूनच दोघेही उद्या तेच करतात. मूल शिकते की पुरेसे ओरडले की काम टळते, आणि आपण शिकतो की सोडून दिले की घर शांत होते.

या चक्रातून बाहेर पडण्याचा माझ्या अनुभवातला मार्ग म्हणजे सूचनांची यादी निर्दयपणे कापणे. एका दिवसात आपण मुलाला किती सूचना देतो ते एकदा मोजून पाहा. त्यातल्या दोन-तीन अशा निवडा ज्यांवर कधीच तडजोड होणार नाही, जसे मारायचे नाही, न सांगता घराबाहेर जायचे नाही. काही गोष्टी वर सांगितल्याप्रमाणे बोलून सोडवायच्या. उरलेल्या सध्या सोडून द्या, आणि त्या भडका उडाल्यानंतर नव्हे तर आधीच, शांतपणे ठरवून सोडा. टेबलावर पसारा राहील, केस विंचरलेले नसतील. पुढच्या सहा महिन्यांत त्याने काही बिघडत नाही. जिथे नाही म्हणायचे ठरले आहे तिथे पहिल्याच वेळी म्हणा आणि टिकवा. आधी ओरडून मिळत असलेली गोष्ट मिळेनाशी झाली की काही दिवस ओरडणे वाढते, हे नेहमीचे आहे. नेमक्या त्या दिवसांत माघार घेतली तर मुलाला अधिक मोठ्याने ओरडण्याचा धडा मिळतो. म्हणून घरात पाहुणे असतील किंवा परीक्षा जवळ असेल तर नवा नियम सुरूच करू नका.

याच्या जोडीला रोजची पाच मिनिटे द्या. शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी विकसित केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीत ही पाच मिनिटे फार महत्त्वाची मानली जातात. त्या वेळात मूल खेळेल आणि पालक त्याच्या मागे जातील; सूचना नाहीत, प्रश्न नाहीत, टीका नाही. ‘तू निळा ठोकळा वर ठेवलास’, ‘ठोकळे पडले तरी पुन्हा रचतोयस, हे मला आवडलं’, इतकेच. ऐकायला सोपे वाटते, पण पाच मिनिटे एकही प्रश्न न विचारता राहणे मला पहिल्या दिवशी जमले नाही. त्या दिवशी भडका उडाला असला तरीही ही पाच मिनिटे रद्द करायची नाहीत, कारण ती बक्षीस म्हणून दिलेली नसतात.

मारण्याबद्दल थोडक्यात सांगते. माराने त्या क्षणी मूल गप्प होते, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पुढे मात्र आक्रमकपणा वाढण्याशीच त्याचा संबंध आढळतो, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१८ मध्ये चापट मारणे, टोचून बोलणे, लाज आणणे या सगळ्यांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. माझ्याही हातून हात उचलला गेला आहे. दुसऱ्या दिवशी मी मुलाला सांगितले की ते माझे चुकले, आणि त्याला पुढे ‘पण’ जोडला नाही.

घरातली इतर माणसे

‘लाडावून ठेवलंय’, ‘आमच्या वेळी एक नजर पुरायची’, असे सल्ले मिळतातच. प्रत्येकाला पटवत बसू नका. जे लोक रोज मुलाच्या संपर्कात आहेत त्यांना मात्र एका पानावर लिहून द्या की भडका येण्याची लक्षणे कोणती, त्या वेळी काय करायचे आणि काय करायचे नाही. शिक्षकांनाही तेच पान द्या, आणि वर्गातून दोन मिनिटे बाहेर जाण्यासाठी मुलाला एखादी खूण ठरवून मागा. वाचन-लेखनात मूल मागे पडत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या, आणि शाळेत कोणी छळते का, कोणी नकोसा स्पर्श करते का, हेही हळुवारपणे विचारा. ज्याच्या वागण्यात थोड्या दिवसांत मोठा फरक पडला आहे त्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी यावा.

भावंडांचे दुःख बहुतेक वेळा मुके असते. ‘तू तरी समजून घे’ हे वाक्य त्यांच्यावर फार लवकर आणि फार वेळा लादले जाते. त्यांना दार लावून घेता येईल अशी एक सुरक्षित जागा, त्यांच्या वस्तूंसाठी कुलूप आणि आठवड्यातून काही वेळ एकट्यासाठी मिळालेले आई-वडील, एवढे तरी द्यायलाच हवे. आई-वडिलांनी आपसांत एक शब्द ठरवावा, जो उच्चारला की दुसऱ्याने काही न विचारता सूत्रे हाती घ्यावीत आणि पहिल्याने खोलीबाहेर जावे. आपल्यापैकी कोणाला सतत उदास वाटत असेल, झोप येत नसेल, मुलाकडे पाहून केवळ भीती किंवा तिटकारा वाटत असेल, तर स्वतःसाठी उपचार घेणे हाही मुलाच्याच उपचाराचा भाग आहे.

निदान आणि औषधे

तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये, पण निदानाच्या नावाची घाईही करू नये. भडक्यांच्या मागे अतिचंचलता, चिंताविकार, स्वमग्नता, नैराश्य असे वेगवेगळे काही असू शकते, आणि मुलांमधले नैराश्य उदासपणाऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसू शकते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहा वर्षांत अमेरिकेत बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे कालखंड आलटून पालटून येणारा विकार, हे निदान असलेल्या मुलांच्या डॉक्टरांकडील भेटींचे प्रमाण सुमारे चाळीस पटींनी वाढले. पुढील अभ्यासांतून दिसले की सतत चिडचिडी असणारी यांतली बरीच मुले मोठेपणी बायपोलर होण्यापेक्षा नैराश्य आणि चिंतेकडे झुकतात. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-नियमावलीत एक वेगळे निदान आले: आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक वेळा तीव्र भडके, मधल्या काळातही बहुतेक वेळ चिडकी मनःस्थिती, हे बारा महिने किंवा अधिक काळ, किमान दोन ठिकाणी, आणि सुरुवात दहा वर्षांच्या आत; सहा वर्षांच्या आधी हे निदान करत नाहीत. बायपोलरमध्ये उन्मादाचा स्पष्ट कालखंड असतो, किमान काही दिवस सलग चालणारा, ज्यात मूल अगदी कमी झोपूनही थकत नाही. दिवसातून दहा वेळा मनःस्थिती बदलणे ही एवढ्यावरून बायपोलरची खूण ठरत नाही. तारखा असलेली वही येथे तज्ज्ञांना फार उपयोगी पडते.

औषध सुचवले गेले तर तीन प्रश्न विचारा: ते कशासाठी आहे, गुण आला हे कशावरून ठरवायचे आणि केव्हा पुन्हा तपासायचे. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी तीव्र चिडचिड कमी होऊ शकते, पण वजन आणि रक्तातली साखर वाढू शकते, त्यामुळे नियमित मोजमाप लागते. पालकांचे प्रशिक्षण आणि मुलाचे समुपदेशन यांची जागा औषध घेत नाही.

जेव्हा थांबायचे नाही

मूल ‘मला जगायचं नाही’ असे म्हणाले तर ते नाटक आहे का याची परीक्षा घेत बसू नका. ‘मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार केला आहेस का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. औषधे, कीटकनाशके, धारदार वस्तू कुलपात ठेवा, मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. आग लावणे, प्राण्यांचा छळ, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, अनेक रात्री न झोपताही उत्साह ओसंडून वाहणे, किंवा घरातल्या कोणाला गंभीर इजा होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका.

प्रगती मोजताना

‘अजूनही चिडतोच’ या वाक्याने आपण स्वतःचेच खच्चीकरण करतो, म्हणून दर महिन्याला वहीतून तीन आकडे काढा: भडके किती आले, सर्वांत मोठा किती मिनिटे चालला, आणि शांत झाल्यावर तो पुन्हा नेहमीसारखा व्हायला किती वेळ लागला. आमच्याकडे पहिला आकडा जवळजवळ चार महिने हललाच नाही, पण दुसरा चाळीस मिनिटांवरून पंधरावर आला होता, आणि वही नसती तर मी ते पाहिलेच नसते. आजारपण, परीक्षा, जागा बदलणे अशा काळात आकडे पुन्हा वर जातात; तेव्हा नव्या उपायाच्या मागे न लागता झोप, जेवण आणि पाच मिनिटे या तीन गोष्टींकडे परत यावे.

माझ्या वहीतल्या शेवटच्या काही नोंदींपैकी एक अशी आहे: ‘संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे. गणिताची वही मिटली. “आई, मी चारवर आहे, मला आत्ता बोलायचं नाही,” असे म्हणून खोलीत गेला. दार जोरात आपटले. काही फेकले नाही. सात मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर आला.’